पक्षी बघायला निघण्याआधी पाण्याची चौकशी करा

थंडीची चाहूल लागली की पक्षी बघणाऱ्या माणसाला ओळखीचे लोक हमखास विचारतात: नांदूर मधमेश्वरला किंवा भिगवणला कधी जावं? उत्तरही ठरलेलं असतं, डिसेंबर-जानेवारी आणि तेही भल्या सकाळी. ते चूक नाही. पण तेवढ्यावर विसंबून गेलेल्या अनेकांच्या वाट्याला नुसतं पसरलेलं पाणी आणि लांबवर काळ्या ठिपक्यांची एक रेघ येते. शेजारी उभा असलेला कुणीतरी मग सांगतो, गेल्या वर्षी याच सुमारास इथे पाय ठेवायला जागा नव्हती एवढी बदकं होती. तोही खरंच बोलत असतो.

असं का होतं याचं उत्तर महिन्यापेक्षा पाण्याच्या खोलीत जास्त सापडतं. पाणथळ जागेवर कोणता पक्षी कुठे दिसणार, किती जवळ दिसणार, दिसणार की नाही, हे बहुतांशी पाणी घोट्याएवढं आहे की कमरेएवढं यावर ठरतं. एवढं एक लक्षात आलं की पक्ष्यांची नावं माहीत नसतानाही अभयारण्य बऱ्यापैकी उलगडतं.

नांदूर मधमेश्वरचंच घ्या. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. हेतू शेतीला पाणी देण्याचा. इथून निघणाऱ्या कालव्यांवर कोपरगाव-राहात्याकडची शेती आजही भिजते. दोन्ही नद्या दर पावसाळ्यात वरची माती आणून बंधाऱ्यामागे टाकत राहिल्या. गाळ साचला, पाणी उथळ झालं, मधे मधे बेटं वर आली, त्यांवर पाणकणीस आणि गवत माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे सरळसरळ नुकसान आहे, कारण गाळाने जेवढी जागा खाल्ली तेवढा पाणीसाठा घटला. पण उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं. तळाला वनस्पती उगवतात, त्यांच्या मुळाशी आणि चिखलात किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, शिंपले, कृमी वाढतात, माशांची पिल्लं आडोशाला येतात. खोल धरणाच्या तळाशी अंधार असतो, तिथे यातलं फारसं काही होत नाही. म्हणून मोठ्या धरणाच्या भिंतीपाशी उभं राहिलं तर पाणकावळे आणि एखादा सुरय यांच्याखेरीज विशेष काही दिसत नाही, आणि त्याच धरणाच्या फुगवट्याच्या शेपटाकडे, जिथे पाणी पसरट होतं, तिथे पक्ष्यांची दाटी असते. ‘धरणावर पक्षी बघायला चाललोय’ असं म्हणणाऱ्याने भिंतीकडे जाणारा रस्ता सोडून द्यावा.

१९८६ साली नांदूर मधमेश्वर अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून घोषित झालं. पाठोपाठ त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यादीत आली. रामसर हे इराणमधलं गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. या कराराची व्याख्या ऐसपैस आहे: पाणी गोडं असो की खारं, साचलेलं असो की वाहतं, बारमाही असो की हंगामी, जागा निसर्गाने घडवलेली असो की माणसाने. समुद्राच्या बाबतीत ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला भागसुद्धा यात बसतो. त्यामुळे सिंचनाचा बंधारा यादीत आला यात नवल नाही. राजस्थानातल्या ज्या भरतपूर पक्षी अभयारण्याशी नांदूरची तुलना नेहमी केली जाते, तेही बांध घालून आणि पाणी सोडून माणसानेच घडवलेलं आहे. फक्त एक समजून घ्यायला हवं की रामसरचा फलक लागला म्हणून बंधाऱ्याचे दरवाजे कुणी वेगळ्या वेळापत्रकाने उघडत नाही. पाणी अजूनही शेतीच्या, पिण्याच्या आणि कारखान्यांच्या मागणीप्रमाणे हलतं, आणि पक्षी त्यामागे हलतात.

आता खोलीकडे येऊ. काठावर उभं राहून कोरड्या जमिनीपासून आत नजर न्यायची. एखाद्या पंगतीत जागा ठरलेल्या असाव्यात तसे पक्षी बसलेले दिसतात, आणि जागा ठरवतात ते पाय आणि चोच.

अगदी कडेला, पाणी नुकतंच ओसरून चिखल उघडा पडलेला असतो तिथे टिलवे आणि तुतवार. चिमणीपेक्षा जरा मोठे, मातकट रंगाचे, सतत पळणारे. नवख्याची नजर त्यांच्यावरून घसरून पुढे रंगीत बदकांकडे जाते. पण मुठीत मावेल एवढा छोटा टिलवा आर्क्टिकच्या किनाऱ्यावरून आलेला असतो आणि त्याची चोच दोन सेंटिमीटरच्या आसपास असते. तेवढ्या चोचीला चिखल मऊ हवा, वर पाणी नसावं किंवा बोटभरच असावं. पाणी वीतभर चढलं की त्याचं ताट काढून घेतल्यातच जमा.

त्याच्यापुढे शेकाट्या. काळे पंख, पांढरं अंग आणि लांब गुलाबी पाय. हा आपल्याकडे बारमाही दिसतो, सांडपाण्याच्या डबक्यावरही खूश असतो. त्याच्याजवळपास लांब सरळ चोचीचा पाणटिवळा पाण्यात डोकं बुडवून चिखल टोचत असतो. गुडघाभर पाण्यात चमचा म्हणजे दर्वीमुख दिसतो. तो चोच अर्धवट उघडी ठेवून डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीच्या चपट्या टोकाला काही लागलं की मिटतो. तो डोळ्यांपेक्षा स्पर्शावर शिकार करतो, त्यामुळे गढूळ पाण्याची त्याला अडचण नसते. चित्रबलाकाचीही रीत तीच. उलट राखी बगळ्याला मासा दिसावा लागतो. तो अर्धा-अर्धा तास खांबासारखा उभा राहतो आणि नवशिक्या छायाचित्रकारांचा आवडता होतो.

नंतर बदकं, आणि इथे लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो. बदकांचे ढोबळ दोन गट केले की काम सोपं होतं. एक गट पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून जेवतो: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक, आपलं बारमाही हळदी-कुंकू बदक. त्यांची मान जिथवर पोचेल तेवढंच त्यांचं अन्न, म्हणजे साधारण हात-दीड हात पाणी. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते चक्रांगापेक्षा थोडं आत जेवू शकतं. दुसरा गट बुडी मारणारा: लालसरी, शेंडी बदक. त्यांना खोल पाणी चालतं. वारकरीही बुडी मारतो, पण काठावर गवत चरतानाही दिसतो. तो बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला. पहिल्या गटातलं कुणीच दिसत नाही आणि लालसरी मात्र भरपूर आहेत असं चित्र असलं की समजायचं, पाणी चढलेलं आहे.

वनस्पतींनी झाकलेल्या भागाचा हिशेब निराळा. तिथे कमळपक्षी लांबलचक बोटं पसरून पानांवरून चालतो, जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचे कोंब सोलून खाते. हे दोघे आपल्याच मुलखातले आणि वर्षभर इथेच. पाण्याची पातळी चार-सहा इंच खालीवर झाल्याने त्यांचं फारसं बिघडत नाही.

ही खोली कोण बदलतं? नांदूर मधमेश्वरच्या वर गंगापूर, दारणा, पालखेड, कडवा अशी धरणं आहेत आणि खाली जायकवाडी. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पाणी बंधाऱ्यात येतं, कालव्यांना सोडलं की उतरतं. शिवाय जायकवाडीत पुरेसा साठा नसेल तर समन्यायी वाटपाच्या नियमानुसार नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं, आणि नाशिककडचं ते पाणी याच बंधाऱ्यावरून जातं. त्यावरून होणारा नाशिक विरुद्ध मराठवाडा वाद दर दुष्काळी वर्षी वर्तमानपत्रांत असतो. पक्षी बघणाऱ्याने ती बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचावी: पाणी सोडल्याची बातमी आली की चिखलावरचे पक्षी काही दिवस तरी विसरा.

भिगवणला हेच गणित फार सावकाश चालतं. तिथे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा आहे. चांगला पाऊस झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय तुडुंब असतो, पाणी शेतांच्या बांधाला लागतं आणि लांब पायांच्या पक्ष्यांनाही उभं राहायला जागा नसते. मग सिंचनाला पाणी जाऊ लागतं, काठ मागे सरकतो, उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. उथळ पट्टे तयार झाले की रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. धरण भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात, कोरड्या वर्षी लवकर. त्यामुळे डिसेंबरात फ्लेमिंगो मिळाले नाहीत म्हणून हिरमुसणाऱ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जा असं सांगावं लागतं. उन्हाचा चटका बसतो, पण पक्षी असतात. गाळपेरीतला हरभरा पट्टकादंब हंसांना फार आवडतो. दिवसभर काठावर डुलक्या काढणारे हे हंस रात्री शेतात उतरतात. त्याविषयी स्थानिकांशी बोललात तर पक्षीप्रेमाची दुसरी बाजूही ऐकायला मिळेल, आणि ती ऐकावी.

ठाण्याच्या खाडीत तर सगळं दिवसात दोनदा बदलतं. ओहोटीला चिखलाची मैदानं उघडी पडतात, फ्लेमिंगो त्यांवर पसरून चरतात. भरती आली की पाणी त्यांच्या पायांना पुरून उरतं आणि थवे उठून नवी मुंबईच्या काठावरच्या तळ्यांत विश्रांतीला जातात. ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा म्हणूनच रोज वेगळ्या असतात. बोटीला तरंगायला पाणी हवं आणि पक्ष्यांना उभं राहायला चिखल, या दोन्हींच्या मधली वेळ साधावी लागते. भरतीच्या वेळची ती तळी बाहेरून ओसाड दिसतात, म्हणून ती बुजवली किंवा त्यांचं खाडीशी असलेलं तोंड बंद केलं तरी काही बिघडत नाही असं वाटू शकतं. पण अभयारण्याच्या सीमेत फक्त जेवणाची जागा आहे आणि झोपण्याची जागा बाहेर राहिली, तर ते अर्धंच संरक्षण झालं.

खाडीत दोन जातींचे फ्लेमिंगो मिसळलेले असतात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीचं टोक काळं. तो कृमी, छोटे कवचधारी, बिया असं सगळं खातो. धाकटा रोहित बुटका, जास्त गुलाबी आणि चोच गडद लाल. तो मुख्यतः सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. भिगवणला दिसतात ते बहुतेक मोठे. दोघांचाही गुलाबी रंग अन्नातल्या रंगद्रव्यातून येतो. पिल्लं करडी असतात, त्यामुळे थव्यात मळकट पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, लहान आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्यावर दिसणारा कुठलाही परका पक्षी ‘सायबेरियातून आलेला’ ठरवायची आपल्याला सवय आहे. फ्लेमिंगोंची मोठी वीण गुजरातेत कच्छच्या रणात होते. पट्टकादंब हंस मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तानकडून येतात आणि हिमालय ओलांडतात. पाठीवर बसवलेल्या उपकरणांनी त्यांची उड्डाणं सात हजार मीटरच्याही वर नोंदवली आहेत. चक्रवाक मध्य आशिया आणि लडाखच्या पठारावरून येतात. ज्यांच्या नावातच सायबेरिया आहे ते पांढरे क्रौंच मात्र २००२ नंतर भरतपूरला फिरकलेलेच नाहीत. नांदूरला दिसतो तो करकरा क्रौंच, मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातला. चित्रबलाक, पांढरा शराटी, उघड्या चोचीचा करकोचा हे तर आपलेच. पाणी आटलं की या तालुक्यातून त्या तालुक्यात जातात, एवढंच. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात चित्रबलाक बाभळींवर घरटी करतात. झाडांच्या बुंध्याशी पाणी असेल तर मांजर-कुत्री वर चढत नाहीत, म्हणून त्यांना पाण्यात उभी असलेली झाडं हवी असतात. तलाव आटला की घरटीही धोक्यात.

आणि हे सगळे थंडीला कंटाळून येतात असंही नाही. पिसांखाली हंसाला थंडी बाधत नाही. तिकडे पाणी गोठतं, चिखल दगडासारखा होतो आणि दिवस इतका लहान होतो की पोट भरायला उजेड पुरत नाही, ही खरी अडचण. मग ते परत तरी का जातात? कारण उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस अठरा-वीस तासांचा होतो, किडे आणि गवत उदंड असतं, पिल्लांना भरवायला वेळ मिळतो.

पोचण्याचा क्रमही ठरलेला. चिखलावरचे छोटे पक्षी ऑगस्टच्या शेवटापासूनच यायला लागतात, आपण गणपतीच्या गडबडीत असतो तेव्हा. बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ती आल्या आल्या बघायला गेलात तर ओळखणं कठीण जातं, कारण विणीनंतर नरांची रंगीत पिसं झडलेली असतात आणि नर-मादी सारखेच तपकिरी दिसतात. डिसेंबरच्या अखेरीपर्यंत नर पुन्हा झोकात येतात. जानेवारी चांगला म्हणतात त्याचं एक कारण हे आहे. मार्चमध्ये परतीची लगबग सुरू होते.

प्रत्यक्ष जाण्याविषयी थोडं. निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक वाटाड्याला फोन करा. नांदूरला चापडगाव आणि खाणगाव थडीला, भिगवणला कुंभारगाव-डिकसळला गावातलीच मुलं हे काम करतात. भिगवणचे बरेचसे नावाडी मुळात मासेमारी करणारे. ‘पक्षी आहेत का?’ असं विचारलं तर कुणीही ‘आहेत ना, या!’ म्हणणार. त्याऐवजी विचारा: पाणी गेल्या आठवड्यापेक्षा चढलंय की उतरलंय? चिखल कुठे उघडा आहे? उत्तरावरून माणसाची पारखही होते.

दुर्बीण ८ × ४२ ची घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तो जितका मोठा तितका पहाटेच्या अंधुक उजेडात फायदा. बाजारात वीसपट-तीसपटच्या स्वस्त दुर्बिणी मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हाताच्या थरथरीलाही त्या वीसपट करतात. मनोऱ्यावर सूर्य पाठीशी राहील अशी वेळ निवडा, समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळी दिसतात. आणि अख्खा थवा एकदम उठला तर पाण्याकडे बघत बसू नका, आकाशात बघा. बहुतेक वेळा दलदलीवरून घिरट्या घालणारा भोवत्या किंवा एखादा गरुड वर असतो.

थवा उठवणारा नेहमी गरुडच असतो असं नाही, ही दुःखाची गोष्ट. उडणाऱ्या फ्लेमिंगोंच्या पंखांचा लाल रंग फोटोत यावा म्हणून बोट थव्यात घालायला लावणारे पाहुणे असतात आणि बक्षिसी मिळते म्हणून ऐकणारे नावाडीही. माझ्या मते यात दोष नावाड्याचा कमी, आग्रह धरणाऱ्याचा जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्थलांतर करणारे पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून वजा होतं आणि चरण्याचा वेळही जातो, ओहोटीच्या मोजक्या तासांत तर जास्तच. बोट थव्यापासून लांब थांबवायची, इंजिन बंद करायचं. पक्षी माना ताठ करून एकाच दिशेला चालू लागले की आपण फार जवळ आलोय, मागे घ्यायचं. ड्रोन आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं हे प्रकार तर नकोतच.

बघताना एखाद्या हंसाच्या मानेत रंगीत पट्टा किंवा पाणटिवळ्याच्या पायात कडं दिसलं तर फोटो काढा आणि रंग, अक्षरं, आकडे, डावा पाय की उजवा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. मुंबईची बीएनएचएस, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, अनेक दशकं असे पक्षी कडी घालून सोडते आहे आणि परदेशी पट्ट्यांच्या नोंदीही त्यांच्याकडे कळवता येतात. काही आठवड्यांनी उत्तर येतं की हा पक्षी अमुक सरोवरावर अमुक साली पकडला होता. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. तिच्यात नवख्यांनाही घेतात, एखाद्या जाणत्याच्या जोडीने. वही धरून बदकं मोजायला बसलं की सकाळी नऊपर्यंत तलवार आणि थापट्या यांतला फरक आपोआप कळू लागतो.